पाच वर्षांखालचा उतारू

भारतीय रेल्वेच्या दप्तरात पाच वर्षांखालील मूल हा मोठा चमत्कारिक उतारू आहे. आरक्षणाच्या अर्जात त्याचे नाव, वय आणि लिंग निराळ्या रकान्यात लिहून घेतले जाते, त्याच्याबद्दल एक पैही आकारली जात नाही, आणि ज्या औदार्याने त्याला भाड्याची माफी मिळते त्याच औदार्याची दुसरी बाजू म्हणून त्याला निजण्यासाठी वीतभरही जागा नेमून दिली जात नाही. दिवसाच्या प्रवासात ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल आईच्या मांडीवरून बापाच्या खांद्यावर, तेथून खिडकीत आणि खिडकीतून समोरच्या अनोळखी आजींच्या ओच्यात असे फिरत राहते, आणि डब्याचा सगळा अवकाश जणू त्याच्याच मालकीचा असतो. परंतु रात्रीचे दहा वाजले, मधले बर्थ वर उचलून साखळ्यांत अडकविले गेले, मोठे दिवे मालवून निळा दिवा लागला आणि ज्याने त्याने आपापल्या आकड्याची जागा धरली, म्हणजे ज्याच्या नावावर आकडा नाही असा एकच जीव त्या कप्प्यात उरतो; आणि त्याला निजविल्याखेरीज बाकीच्या आठांपैकी कोणालाही झोप लागण्याचा संभव नसतो.

बंगळुरात बिऱ्हाड करून राहिलेल्या मराठी कुटुंबांवर हा प्रसंग वर्षातून एकदोनदा तरी येतोच. आईबाप व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता किंवा इलेक्ट्रॉनिक सिटी अशा ठिकाणी संगणकाच्या कंपन्यांत नोकरीस, आणि आजी-आजोबा बेळगाव, निपाणी, सांगली, सोलापूर किंवा पुण्यास. त्यामुळे गणपती, दिवाळी, मुलाचे जावळ, आतेभावाचे लग्न, या प्रत्येक निमित्ताने एका रात्रीचे अंतर तोडणे प्राप्त होते. हा रस्ता मराठी आई आणि मूल यांना तसा जुनाच. बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत असताना, १६४०च्या सुमारास, जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्याहून तेथे गेले होते, तेव्हा मजल दरमजल करीत जे अंतर तोडावे लागले असेल त्याच्या मानाने आजची एक रात्र म्हणजे काहीच नव्हे. पण आईला हे सांगून पाहावे. तिचा हिशेब निराळा असतो, आणि तो बरोबर असतो.

भाड्याचा कायदा आधी पाहिलेला बरा, कारण त्याविषयी सुशिक्षित माणसांतही पुष्कळ घोटाळा आढळतो. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयाच्या मुलांस पूर्वी अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत असे. ती सवलत २१ एप्रिल २०१६ पासून बदलली, आणि तेव्हापासून अशा मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर मोठ्या माणसाइतके पूर्ण भाडे आणि बर्थ नको असेल तरच अर्धे भाडे, असा शिरस्ता पडला. ऑगस्ट २०२२ मध्ये तान्ह्या मुलांनाही आता भाडे भरावे लागणार अशी हाकाटी झाली तेव्हा रेल्वे मंत्रालयाने खुलासा केला, की माफी पूर्ववत आहे, मात्र पाच वर्षांखालील मुलासाठी ज्यांना बर्थ हवाच असेल त्यांना पूर्ण भाडे भरून तो घेण्याची मुभा आहे. ही मुभा घ्यावी की न घ्यावी? आमच्या मते दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी घेतलेला बर्थ हा सामानाच्याच उपयोगी पडतो, कारण ते मूल आईला चिकटल्याशिवाय निजत नाही. परंतु मूल साडेतीन-चार वर्षांचे, पाय झाडीत निजणारे आणि अंगाने भरलेले असेल, तर तिसऱ्या बर्थाचे पैसे वाचविणारा बाप सकाळी त्याहून अधिक काहीतरी गमावून बसलेला असतो.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. त्यापूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. सणाच्या दिवसांत साठाव्या दिवसाची सकाळ चुकली तर नशिबी आर.ए.सी. येते, म्हणजे बाजूचा एकच खालचा बर्थ दोघा उतारूंनी बसून वाटून घ्यावयाचा; आणि त्या दोघांपैकी एकाच्या कडेवर मूल असेल तर ही वाटणी अपूर्णांकांच्या पलीकडे जाते. मूल बरोबर असताना आर.ए.सी.च्या भरवशावर घर सोडू नये.

खालच्या बर्थाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. प्रत्येक शयनयान डब्यात सहा-सात, आणि वातानुकूलित त्रिस्तरीय डब्यात चार-पाच खालचे बर्थ काही वर्गांसाठी राखून ठेवलेले असतात : ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती. म्हणजे मूल पोटात असेपर्यंत रेल्वे त्याला जाणते, त्याच्यासाठी आईला खालची जागा देण्याची तजवीज करते. आणि ते जन्माला येऊन अकरा किलोंचे झाले, हातपाय मारू लागले, रात्रीतून तीनदा पाणी मागू लागले, की आईचे नाव त्या यादीतून निघते. स्त्रियांसाठी निराळा कोटा आहे, पण तो एकटीने किंवा स्त्रियांच्याच मेळ्याने प्रवास करणारीसाठी; नवरा बरोबर असला की तोही गेला. कायदा करणारांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. कायदा करताना समोर मूल रडत नव्हते एवढेच.

यानंतरचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गाडीचा. ती निवडताना आपली कचेरी सुटण्याची वेळ न पाहता मुलाच्या निजण्याची वेळ पाहावी. बंगळूरहून हुबळी, बेळगावमार्गे मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री अकराच्या सुमारास सुटते, आणि मोठ्या माणसांना ती फारच सोयीची वाटते. काम आटोपावे, घरी जेवावे, गाडीत येऊन आडवे व्हावे. परंतु नऊ वाजता घरच्या गादीवर निजलेले मूल साडेनऊला उचलून टॅक्सीत घालावे लागते, मॅजेस्टिकच्या मुख्य स्थानकाच्या झगझगाटात ते डोळे उघडते, हमालांच्या लाल सदऱ्यांकडे आणि फलाटावरच्या गर्दीकडे पाहून त्याला नवा हुरूप चढतो, आणि गाडी तुमकुरापलीकडे गेली तरी त्याचा दिवस मावळत नाही. याउलट २०१९ मध्ये सुरू झालेली बंगळूर–बेळगाव सुपरफास्ट रात्री नऊच्या सुमारास निघून सकाळी सात-साडेसातच्या सुमारास बेळगावी पोचते. मुलाची रात्र आणि गाडीची रात्र इतकी नेमकी जुळण्याचा योग क्वचितच येतो, आणि ज्यांना कोल्हापूर-निपाणीकडे जावयाचे आहे त्यांनीही बेळगावास उतरून पुढचा रस्ता मोटारीने धरावा असे आम्ही सुचवू. सोलापूर-पंढरपूरकडच्यांना म्हैसूरहून येणारी गोल घुमट एक्सप्रेस संध्याकाळी बंगळुरात मिळते. पुणेकरांची स्थिती मात्र बिकट आहे. उद्यान एक्सप्रेस रात्री साडेआठच्या सुमारास सुटते, म्हणजे मुलाच्या दृष्टीने आरंभ उत्तम. पण पुणे येण्यास सुमारे वीस तास लागतात, आणि रात्र सुरळीत पार पाडून निर्धास्त झालेल्या आईबापांना गुलबर्ग्यापासून पुढे कळून चुकते, की रात्र ही सोपीच होती, खरी परीक्षा दुपारी आहे. वेळापत्रके बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या दिवशीची नेमकी वेळ पाहून घ्यावी हे सांगणे नलगे.

राणी चन्नम्मेचे नाव आलेच आहे तर एका योगायोगाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. कित्तूरच्या गादीवर दत्तक घेतलेल्या मुलाचा हक्क कंपनी सरकारने नाकारला, म्हणून १८२४ साली ही राणी इंग्रजांशी लढली. आणि ती कैदेत पडल्यानंतर त्याच दत्तक मुलाला गादी मिळावी म्हणून संगोळ्ळी रायण्णाने जंगलातून लढा चालू ठेवला, त्यात तो पकडला जाऊन १८३१ मध्ये नंदगडला फासावर गेला. आज बंगळूरचे मुख्य स्थानक रायण्णाच्या नावाचे आहे आणि तेथून सुटणारी गाडी चन्नम्मेच्या नावाची. दप्तरात ज्याला जागा नाही अशा एका मुलासाठी लढलेल्या दोघांची नावे या प्रवासाला लाभली आहेत, हे तिकीट तपासनिसाला सांगून काही उपयोग होत नाही, पण आपल्या मनाला बरे वाटते.

स्थानकाविषयी दोन शब्द. बंगळूरला १८६४ साली जोलारपेट्टैकडून पहिली आगगाडी आली ती छावणीच्या स्थानकात. आज रायण्णा स्थानक, यशवंतपूर आणि २०२२ मध्ये बैयप्पनहळ्ळीस उघडलेले विश्वेश्वरय्या टर्मिनल अशी तीन मोठी ठिकाणे तीन दिशांना आहेत, आणि संध्याकाळच्या रहदारीत एकाऐवजी दुसरीकडे गेलेला माणूस गाडीला मुकलाच म्हणून समजावे. यशवंतपूर घराजवळ पडत असले तरी मूल बरोबर असताना गाडी जेथून सुटते तेथेच चढावे. उगमस्थानी ती आधीच येऊन उभी असते, तर मधल्या स्थानकावर मिळणाऱ्या थोडक्या मिनिटांत पेटी, पिशवी, पाण्याची बाटली आणि अंग ताठ करून रडणारे मूल ही सर्व एका अरुंद दारातून आत घालणे हे सर्कशीतले काम आहे. खासगी स्लीपर बसचा मोह अनेकांना होतो, कारण ती घराच्या कोपऱ्यावर येते. आम्ही त्याविरुद्ध आहोत. बसमध्ये बहुधा शौचकूप नसते, आणि नुकतेच लंगोट सुटलेल्या मुलाची निकड महामार्गावरच्या ढाब्याच्या अंतराशी जुळवून घेत नाही.

डब्यातील जागा कशी पाहावी? शयनयानात आणि वातानुकूलित त्रिस्तरीय डब्यात प्रत्येक कप्प्याला आठ बर्थ असतात. आकड्याला आठाने भागून बाकी एक किंवा चार उरली तर तो खालचा, सात उरली तर बाजूचा खालचा. बाजूचा खालचा बर्थ एकट्या माणसाला प्रिय असतो, पण मुलाला घेऊन तो टाळावा. तो आखूड असतो, दोन बैठका आडव्या करून तो जुळवावा लागत असल्याने मध्ये फट राहते, आणि रात्रभर येणाजाणारांचे गुडघे व पिशव्या मुलाच्या डोक्यापासून चार बोटांवरून जातात. डब्याच्या दोन्ही टोकांखाली चाके असतात, तेव्हा हादरा तेथे अधिक आणि मध्यावर कमी. शिवाय टोकांस शौचकुपाच्या दाराची उघडझाक, वास आणि दारात रेंगाळणारी मंडळी. म्हणून मधल्या कप्प्यातील खालचा बर्थ, मूल भिंतीकडे, मोठे माणूस कडेला, आणि भिंत व गादी यांच्यामधल्या सापटीत शालीची गुंडाळी, ही आमची शिफारस.

तो बर्थ रुंदीला जेमतेम दोन फूट. आज त्यावर गादीचा मऊपणा आहे, पण एके काळी तेथे नुसती लाकडी फळी असे, आणि तिसऱ्या वर्गाने जाणारे आपले कुटुंब वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन जागा मिळेल तेथे पथारी पसरीत असे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला तरी फळ्या राहिल्याच होत्या. राजापूरचे खासदार मधु दंडवते हे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालण्याचा निर्णय घेतला, आणि सामान्य माणसाच्या पाठीसाठी एवढे थेट काम क्वचितच कोणत्या मंत्र्याच्या हातून घडले असेल. दोन इंच ही मोजण्यास क्षुल्लक गोष्ट. पण मुलाचे डोके दंडावर घेऊन रात्रभर एका कुशीवर पडलेल्या बाईला विचारावे.

रुंदीचा प्रश्न त्या फोमने सुटला नाही. तो सोडविण्याचा एक प्रयत्न ८ मे २०२२ रोजी, मातृदिनी, उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागाने केला : लखनौ मेलच्या एका वातानुकूलित डब्यात १२ आणि ६० या दोन खालच्या बर्थांना बाहेरच्या बाजूने एक घडीचा छोटा बर्थ जोडला, ७७० मिलिमीटर लांब आणि २५५ मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारे अडीच फूट बाय दहा इंच. बातमी देशभर गाजली, आणि लगेच जाणत्या आयांनी दोष काढला, की मूल कडेला आणि आई भिंतीला अशी ही रचना असून वरून पडणारी बाटली किंवा जाणाऱ्याचा धक्का प्रथम मुलालाच लागेल. पुढच्या वर्षी सुधारित नमुना पुढे आला. बंगळूरच्या गाड्यांत हा बर्थ शोधीत बसण्यात मात्र अर्थ नाही. तो येईपर्यंत आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आल्या तेच चालू आहे : जुने मऊ लुगडे घ्यावे, त्याची दोन टोके समोरासमोरच्या वरच्या बर्थांच्या साखळ्यांना पक्क्या गाठींनी बांधावी आणि झोळीत मूल घालावे. शयनयानाच्या डब्यात हे दृश्य नित्याचे आहे, आणि गाडीच झोका देत असल्याने दोरी ओढण्याचेही श्रम पडत नाहीत. एवढेच, की झोळी उंच बांधू नये, गाठ सुटली तरी खाली फार अंतर राहू नये, तीत मूल एकटे सोडून सर्वांनी झोपी जाऊ नये, आणि ज्याची मान अजून सावरलेली नाही अशा तान्ह्याला तीत गुरफटून हनुवटी छातीला टेकेल असे तर मुळीच घालू नये. त्याला सपाट जागाच हवी.

गाडीत मूल लवकर का निजते याचे कोडे आता पुष्कळसे उलगडले आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये मोठ्या माणसांना हळूहळू हलणाऱ्या पलंगावर निजवून पाहिले, तेव्हा त्यांना झोप लवकर लागली आणि गाढ झोपेचा भागही वाढला असे दिसून आले. तो पलंग साधारण चार सेकंदांत एक झोका घेत असे. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले काम तर आमच्या विषयाला अधिकच जवळचे आहे. रडणाऱ्या तान्ह्याला कडेवर घेऊन पाच मिनिटे सरळ चालावे, ते निजले की लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसून राहावे, आणि मग अलगद ठेवावे, म्हणजे ते पुन्हा जागे होण्याचा संभव कमी. प्रयोगातील मुले थोडी होती, पण डब्याच्या बोळातून मुलाला खांद्यावर टाकून या दारापासून त्या दारापर्यंत येरझारा घालणारे बाप हा प्रयोग कितीतरी वर्षांपासून करीत आहेत. त्यांचे चुकते ते शेवटच्या आठ मिनिटांत, कारण तेवढा धीर कोणाजवळ नसतो.

मूल जागे होते ते बहुधा गाडीच्या चालण्याने नव्हे, थांबण्याने. रुळांचे तुकडे सांधून लांबच लांब केल्यापासून जुनी खडखड गेली आणि एकसुरी घरघर राहिली. ती अर्सीकेरेसारख्या स्थानकात एकाएकी बंद पडली, शेजारी चहा-कॉफीची आरोळी उठली, की गाढ निजलेले मूल उठून बसते. अशा वेळी दिवा लावू नये, बोलू नये, हाताने थोपटीत राहावे. गाडी हलली की अर्धे काम ती करते. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप यावी म्हणून मुलाला सर्दीचे औषध पाजण्याची युक्ती काही प्रवासी एकमेकांस सुचवितात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीवरील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा देशाच्या औषध नियंत्रकाने डिसेंबर २०२३ मध्ये बाटल्यांवर छापावयास लावला आहे. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या मुंबईच्या बायका एके काळी मुलांना अफूची बाळगोळी देत. त्यांच्यापाशी निदान दारिद्र्याचे कारण होते.

खाण्याचा विषय थोडक्यात आटोपतो. रात्री मुलाला नवे काहीही देऊ नये. घरून नेलेला दहीभात, तूप-मेतकूट लावलेला मऊ भात किंवा दुधातली दशमी सुटण्यापूर्वीच भरवावी, म्हणजे गाडीत फक्त दूध आणि पाणी एवढाच व्यवहार राहतो. गरम पाणी थर्मासात घ्यावे. डब्यातील खटक्यावर विजेची किटली लावणे हा गुन्हा आहे, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच त्या खटक्यांचा प्रवाहही बंद ठेवण्याचा नियम आहे. स्थानकांवर मुलांसाठी गरम दूध, गरम पाणी आणि शिशुआहार मिळावा म्हणून सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६ मध्ये ‘जननी सेवा’ सुरू झाली. दंडवत्यांप्रमाणे प्रभूही एके काळचे राजापूरचे खासदार, आणि कोकण रेल्वे पुरी झाली नव्हती त्या काळात तेथून दिल्लीला गेलेल्या दोघांनी रेल्वेतल्या बायकामुलांचा विचार करावा यात काही संगती असेलही. मात्र रात्री दोन वाजता कोणत्या फलाटावर ती सेवा जागी असेल यावर विसंबू नये. डायपरविषयी एकच विनंती : तो शौचकुपात टाकू नये. हल्लीच्या डब्यांखाली जैविक टाक्या असून त्यांतील जिवाणू मैला पचवितात, प्लास्टिक पचवीत नाहीत. एक डायपर अडकला की सकाळी सगळ्या डब्याचे हाल. पूर्वी दुपटी आणि लंगोट धुऊन खिडकीच्या गजांना वाळत घालीत. ते सौंदर्यदृष्टीला खुपत असे, पण नळ तुंबत नसे.

आता शेजार. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडावा असा २०१७ चा नियम आहे, आणि आजारी, अपंग व गर्भवती यांच्यासाठी त्यात सूट देण्याची विनंतीही त्यातच आहे. मुलाचे नाव तेथेही नाही. परंतु कायद्याहून डब्यातील वहिवाट जुनी आणि बळकट आहे. मूल आठ वाजताच पेंगले, तर शेजारी आपण होऊन म्हणतात, “झोपवा हो, आम्ही पलीकडे बसतो.” खालचा बर्थ मिळाला नसेल तर तो मागण्यात लाज वाटू नये, मात्र कोणाकडे आणि केव्हा मागावा याचा विवेक हवा. गुडघे धरून बसलेल्या आजोबांना तो त्यांच्या वयाने मिळालेला असतो. त्यांच्याकडे मागणे अन्याय. कानांत तारा घातलेला विद्यार्थी वर चढण्यास समर्थ असतो, आणि त्याने चादर पसरण्यापूर्वी विचारले तर नाही म्हणत नाही. “दादा, लेकरू लहान आहे, खालची जागा देता का?” एवढे पुरते; आणि समोर बेळगावकडचा कोणी असला तर “घ्या की वो ताई, त्यात काय विचारायचं?” असे उत्तर मिळून शिवाय मुलाच्या हातावर कुंद्याचा तुकडाही पडतो. तो तेव्हाच खाऊ घालू नये. साखर पोटात गेलेले मूल आणि रात्रीचे दहा यांचे पटत नाही, शिवाय अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नये हा धडा सभ्यपणे गिरविण्याची ती उत्तम वेळ असते. आपणही शेजाऱ्यांचे काही देणे लागतो. भ्रमणध्वनीवर मोठ्या आवाजात लावलेली बालगीते मुलाला गप्प करतात, पण सात जणांना जागे ठेवतात, आणि रात्री दहानंतर ती नियमाविरुद्धही आहेत.

वातानुकूलित डब्यात मिळणाऱ्या चादरी दर खेपेला धुतात, ब्लँकेटे मात्र तशी नव्हेत; तेव्हा मुलाच्या अंगावर घरची दुलई असावी. चालत्या मुलाच्या खिशात डब्याचा व बर्थाचा क्रमांक आणि आईबापांचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी. दारापाशी त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, आणि आईबापांपैकी एकाने तरी नेहमी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असावे; एकटीने प्रवास करणाऱ्या बाईने शौचकुपाकडे जाताना मूल बरोबरच न्यावे, कितीही गैरसोय झाली तरी. काही अडले तर १३९ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पहाटे हुबळी येते. येथला एक फलाट १,५०७ मीटरांचा, जगातील सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. आणि आपला डबा त्याच्या भलत्या टोकाला लागला, तर निजलेले मूल खांद्यावर घेऊन चालणाऱ्या बापाला या विक्रमाचा अभिमान वाटणे कठीण आहे. हुबळी-धारवाडास उतरणारांनी म्हणून अर्धा तास आधी उठून सामान दाराकडे काढावे, मुलाला मात्र उठवू नये. त्याला शेवटच्या क्षणी पांघरुणासकट उचलावे. बेळगावची सुपरफास्ट बेळगावीच संपते, त्यामुळे तेथे घाई नाही. गर्दी ओसरू द्यावी, मुलाचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे, पिशव्या मोजाव्या, आणि उतरण्यापूर्वी बर्थखाली एकदा वाकून पाहावे. तेथे हमखास एक लहानसा मोजा सापडतो, आणि तो बहुधा आपल्या मुलाचा नसतो.